भरिताच्या दोन पार्ट्या आणि माझं एक पत्रक

मी धुळ्याला चळवळीत वाढले. पत्रकाच्या पहिल्याच ओळीला समोरच्याची झोप उडाली पाहिजे, एवढं एकच शिक्षण मन लावून घेतलं. मग पोटासाठी जळगावच्या एका सरकारी कार्यालयात कंत्राटी नोकरी धरली आणि माझं टेबल नाना आणि आबा यांच्या मधोमध लागलं.

नाना बडे बाबू, आबा हिशेबाचे. दोघं एकमेकांशी बोलत नसत. कशावरून, तर नाना म्हणत पंख्यावरून. आबा म्हणत, पंखा नंतरचा.

"आबांना सांग, ती फाइल द्या म्हणावं."

आबा हाताच्या अंतरावर. "नानांना सांग, मला ऐकू आलं."

"मग द्या ना!" मी म्हणायची.

"त्यांना सांग, मागायची एक पद्धत असते."

पगार कॉम्प्युटरवर टाइप करण्याचा, काम टेलिफोनच्या तारेचं.

हिवाळ्यात माझा करार संपत होता. मुदतवाढीची शिफारस नानांनी करायची, ती पुढे आबांनी पाठवायची. एकानं जरी हात आखडला तरी मी परत धुळ्याला. आणि नेमकी तेव्हाच भरिताची वांगी बाजारात आली.

आमच्याकडे थंडीत ऑफिसची भरीत पार्टी शेतावर होते. कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, कळण्याच्या भाकरीबरोबर हाणायची. यात राजकारण कुठून येणार? आलं. नानांची पार्टी अमळनेरजवळ त्यांच्या शेतावर, आबांची बोदवडजवळ त्यांच्या. रविवार एकच! जो ज्याच्या शेतावर जेवला, तो वर्षभर त्याचा माणूस.

"बेटा, बठ्ठं ऑफिस मनाकडे शे," नाना म्हणाले. "सगळे येतायत, तू एकटी कुठे जाशील?"

आबा जिन्यात गाठून म्हणाले, "रविवारी ये. तुझ्या मुदतवाढीचंही बोलू."

माझं डोकंच सटकलं. माझी नोकरी काय वांग्याबरोबर भाजायला ठेवलीय? दुपारच्या सुट्टीत सूचना फलकावर पत्रक लागलं: "बंधू-भगिनींनो, वांगं कुणाच्या गटाचं नसतं! भरिताच्या आडून माणसं फोडणाऱ्या प्रवृत्तींचा जाहीर निषेध! पार्टी एकच झाली पाहिजे, तीही तिसऱ्याच्या शेतावर!" खाली माझं नाव, ठळक. निनावी पत्रकं भित्री माणसं काढतात.

चहाच्या टपरीवर "तू लिहीच, आम्ही आहोत" म्हणणारे सगळे त्या दिवशी फलकाकडे पाठ करून चालत होते. नाना मात्र समोर उभे राहून वाचत होते. मागून आबा आले.

"आबा, वाचलं का हे?" नानांनी विचारलं. थेट! मध्ये मी नाही!

"वाचलं. माणसं फोडणारे म्हणजे तुम्ही."

"आपण दोघं. नीट वाचा."

"कार्टी लिहिते मात्र खणखणीत."

"काढून टाकायचं का?"

"पत्रक?"

"तिला."

रविवारी पार्टी झाली. एकच झाली. सोनगीरकडे, ड्रायव्हरच्या मेहुण्याच्या शेतावर. सगळं ऑफिस गेलं, आणि मला कुणी साधं विचारलंही नाही. मागणी पूर्ण मान्य, मागणारी तेवढी वगळून! मी खोलीवर पोहे खाल्ले आणि दिवसभर मनातल्या मनात घोषणा दिल्या.

सोमवारी आबांनी माझ्या टेबलावर भरिताचा डबा आपटला. "खा."

"मी निषेध म्हणून..." एवढं म्हणेपर्यंत झाकण उघडलं होतं. निषेध तेवढाच टिकला. मिरची कमी होती, हे मी तोंडावर सांगितलं.

"तुझ्या मुदतवाढीची शिफारस गेली पुढे," नाना म्हणाले.

मी डब्यातून मान वर काढली. "का पण?"

"काल जेवताना दुसरा विषयच नव्हता," आबा म्हणाले. "सगळे तुलाच शिव्या देत होते. किती दिवसांनी एकत्र हसलो! तुला काढलं तर आम्ही बोलायचं कशावर?"

"पंख्यावर," नाना म्हणाले.

"पंखा नंतरचा."

नाना खुर्चीत वळून बसले. "ए पोरी, आबांना सांग, पंखा आधीचा."

मी बोटं चाटली, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "आबा, नाना म्हणतात, पंखा आधीचा."