पंच क्रमांक दोनची सही

माणिकराव गेल्याचा फोन उदगीरहून आला, तेव्हा मी नांदेडला घरी त्यांच्याच कागदावर लाल पेन्सिल धरून बसलो होतो. ते माझे थोरले साडू. तीनच दिवसांपूर्वी, रविवारी, मी त्यांना सांगितलं होतं की कागदात एक ओळ कमी आहे, मी सही करणार नाही. तेव्हापासून आपलीच तर चूक नाही ना, हे पुन्हा पुन्हा तपासत होतो. चूक माझी नव्हती… पण त्या बुधवारी त्याचं समाधान वाटेना.

माणिकरावांनी चौतीस वर्षं लातूर जिल्ह्यातली वावरं मोजली. दोरीवर तीन, चार आणि पाच हात घेऊन ताणले की काटकोन बसतो, एवढ्या भरवशावर नोकरी झाली. निवृत्तीनंतर मात्र त्यांना चैन पडेना. "भावाभावांचे बांध ह्याच्या जिवावर ठरवले मी. पण कर्णाचा वर्ग दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेएवढा असतो, हे खरं का, कधी बघितलंच न्हाई. शाळेत पाठ केलं अन् मार्क घेतले. उद्या खोटं निघालं तर?" मी म्हणालो, हजारो वर्षांत निघालं नाही. "ते त्यांनी बघितलं. माझं मी बघणार." पुस्तक उघडायलाही तयार नव्हते. दुसऱ्याचा नकाशा उतरवला तर ती मोजणी कसली, असं त्यांचं म्हणणं.

पुढच्या सहा वर्षांत त्यांनी बारा सिद्धता लिहिल्या, सगळ्या पंचनाम्याच्या थाटात. वर अर्जदार म्हणून स्वतःचं नाव, खाली दोन पंच. पंच क्रमांक एक अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी आणि माझी थोरली मेव्हणी. त्या पोळ्या लाटता लाटता, न वाचता सही करीत. पंच क्रमांक दोन मी. कचेरीत माझं कामच आराखडे तपासायचं, त्यामुळे वाचल्याशिवाय माझी सही होत नाही. पहिल्या अकरा मी परत पाठवल्या.

पहिलीत चाळीस वावरांची मापं होती. मोजणं म्हणजे सिद्ध करणं नव्हे, असं मी कळवलं. तिसरी दिवाळीत, सगळ्यांसमोर, खोबऱ्याच्या चौकोनी वड्यांची. एका बाजूवर नऊ, दुसरीवर सोळा. त्याच उचलून कर्णावर पंचवीस मांडायच्या. मांडल्या, तर एक घर रिकामं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी खाल्ली होती हे कबूल केलं, पण पंचवीस भरल्या असत्या तरी ते एकाच त्रिकोणाचं झालं असतं, हेही सांगितलं.

"वडी खाऊन वर कायदा बी सांगून राहिले, बघ," ते अक्कांना म्हणाले.

बारावी मात्र देखणी होती. मोठा चौरस, त्याच्या चार कोपऱ्यांत चार सारखे काटकोन त्रिकोण आणि मध्ये तिरपा चौरस. मी रविवारी फोन केला, "मधली आकृती चौरसच आहे हे कुठं दाखवलंत? बाजू सारख्या आहेत, पण कोन?"

"ओ, डोळ्याला दिसून राहिलंय की."

"डोळ्याचा भरवसा नको, मोजणीची साखळी टाका, असं तुम्हीच लोकांना सांगायचात ना?"

"बरं," एवढंच म्हणाले. आमचं शेवटचं बोलणं ते.

तेराव्याला उदगीरला गेलो. जेवणं उरकल्यावर अक्कांनी एक पाकीट पुढे ठेवलं. वर माझा पत्ता, तिकीटही लावलेलं, फक्त पेटीत टाकायचं राहिलेलं. "फोन झाला त्या रात्री जेवले न्हाईत. सकाळी मला उठवून सही घेतली. म्हणले, आता ह्या नांदेडकराला पळवाट न्हाई."

चौथ्या ओळीखाली नवी ओळ होती: 'लगतच्या दोन त्रिकोणांचे कोन मिळून काटकोन, म्हणून सरळ रेषेत उरलेला मधला कोनही काटकोन.' मी तीनदा वाचली.

"बरोबर हाय का, दिगंबरराव?"

"बरोबर आहे."

"मग आधी का न्हाई केली सही?"

"तेव्हा ही ओळ नव्हती, अक्का."

"ते बी असंच म्हणले. ओळ नव्हती, त्याचं बरोबर हाय." त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि पेन आणायला उठल्या.

फोन झाला त्या रविवारची तारीख टाकावी असं क्षणभर मनात आलं. टाकली नाही, त्यांना चाललं नसतं. त्याच दिवसाची तारीख घालून पंच क्रमांक दोनसमोर सही केली. आणि मोजणीला अर्जदार शेतकरी आला नाही की माणिकराव कागदावर जसं लिहीत, तसंच त्यांच्या नावापुढे लिहिलं: मोजणी बरोबर. अर्जदार गैरहजर.