समुद्रावरचा निबंध

अमरावतीला कारकुनीच्या परीक्षेत तो माझ्या शेजारच्या बाकावर होता. बार्शीटाकळीचा. मॅट्रिक होऊनही जिनिंगात हमाली करतो, म्हणाला. केसांत कापूस होताच. पेपर मिळेपर्यंत वहीतले इंग्रजी शब्द घोकत होता. अर्थावर अंगठा ठेवायचा, आठवायचा, मग अंगठा उचलायचा. एकही शब्द चुकला नाही.

निबंध आला, ‘समुद्रकिनाऱ्यावरची संध्याकाळ’. त्यानं ते पान कोरंच ठेवलं.

बाहेर आल्यावर मीच भडकलो. “अवो, गाईडात तयार होता ना! मी तोच उतरवला. तुमी काहून सोडला?”

त्यानं पेन खिशात असं खुपसलं की खिसा टर्रकन फाटला.

“गाईड मलेबी पाठ हाय. पन जो समुद्र म्या पायलाच नाई, त्याची खोटी तारीफ काहून करू? कापसावर लिवा म्हना, इंग्रजीतच दहा पानं लिवतो! आमचं काई इचारतच नाईत हे लोकं.”

तो पुन्हा दिसला नाही. मी पास झालो. पेपर काढणाऱ्याचा संताप आजही येतो. माझा त्याहून जास्त येतो. त्या निबंधावर मी तीस वर्षं नोकरी केली, आणि समुद्र अजून पाहिलेला नाही.