डाव्या बाजूचा रुसवा

प्रसूतीच्या वॉर्डात आम्ही सगळ्या जणी त्यांना पाठीमागे हेडमास्तरीणबाई म्हणायचो. समोर अर्थात ‘सिस्टर’, आणि तेही खालच्या आवाजात. बुटक्या, गोलमटोल, चष्म्याला दोरी बांधलेली, आणि पायातले पांढरे बूट इतके स्वच्छ की बाई जमिनीवरून चालतात की नाही अशी शंका यावी. एकोणतीस वर्षं त्या याच वॉर्डात होत्या. आयांना त्या सरसकट ‘अगं’ म्हणायच्या, मग ती आई कॉलेजात शिकवणारी असो नाहीतर भाजी विकणारी. बाळांना मात्र ‘तुम्ही’.

“काय बाईसाहेब, झाली का झोप? आणि हा काय अवतार करून ठेवलात?” असं म्हणत लंगोट बदलायच्या, आणि त्याच दमात आईकडे वळून, “बघत काय बसलीस? दुसरा कपडा दे!”

बाळाला पाजायचं कसं, याचा त्यांचा कायदा ठरलेला होता. पाठ ताठ, मांडीवर उशी, उशीवर कोपर, कोपराच्या खळग्यात बाळाचं डोकं आणि पोटाला पोट चिकटलेलं. हे जमल्याशिवाय त्या कोणालाही घरी जाऊ देत नसत. एकदा मी धीर करून विचारलं की एवढा कडकपणा कशाला. तेव्हा सलाइनची नळी नीट करता करता म्हणाल्या, “माझा मुलगा तीन आठवड्यांत बाटलीवर गेला. दूध होतं गं मला, शिकवणारं कोणी नव्हतं. आता तो बस चालवतो, तब्येतीने चांगला धडधाकट आहे. पण माझ्या मनातून ते जात नाही.” एवढं बोलल्या आणि लगेच शेजारच्या खाटेवरचीला ओरडल्या की फळं खायला आणलीत की नुसती सजवून ठेवायला.

आता आमच्या कन्येबद्दल. जन्मली तेव्हा चार किलोला जेमतेम शंभर ग्रॅम कमी. नवऱ्याने तिचं नाव तिथल्या तिथे ठमी ठेवलं. ठमी उजव्या बाजूला लावली की डोळे मिटून अशी प्यायची की बघत राहावं. डावीकडे नेली की किंचाळायची. नुसती रडायची नाही, पाठीची कमान करून, तोंड फिरवून, जणू मी तिला विष पाजायला निघाले होते.

पहिल्या दिवशी आम्ही हसलो. तिसऱ्या दिवशी कोणी हसत नव्हतं. सासूबाईंचं म्हणणं पडलं की डाव्या बाजूचं दूध पचायला जड असणार, मी झोपतेच डाव्या कुशीवर. नवऱ्याने तळपायाला गुदगुल्या करून पाहिल्या, गाऊन पाहिलं. त्याच्या गाण्याने तीन खाटांवरची बाळं उठली. हेडमास्तरीणबाई दिवसातून सहा वेळा माझ्या खाटेशी येऊन उभ्या राहायच्या.

“ढिली धरतेस तू. म्हणून घाबरतं ते. अजून जवळ घे. घट्ट!”

मी घट्ट धरायची. ठमी आणखी जोरात किंचाळायची. बाई स्वतःच्या हाताने तिला माझ्या अंगाशी दाबून धरायच्या, तेव्हा तर तिचा चेहरा जांभळा व्हायचा. मी खाली बघून रडायची. मला खरंच वाटायचं की या पोरीला माझी एक बाजू नकोशी झालीये. मूल जन्माला येऊन चार दिवस झाले नाहीत आणि मी निम्मी नापास.

पाचव्या दिवशी सकाळी डाव्या बाजूचा दगड झाला होता आणि मला ताप भरला होता. पंप लावला तर चार थेंबांच्या वर काही येईना. ठमीचं वजन पुन्हा उतरलं होतं. एका बाजूवर तिचं भागत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, “उद्या सकाळपर्यंत वजन चढलं नाही तर वरचं दूध सुरू करायचं. आणि ही गाठ मोकळी झाली नाही तर गळू होईल, मग चीर द्यावी लागेल.” मला चीर चालली असती. बाटली मात्र नको होती. एकदा बाटली तोंडात बसली की ही डावीकडे कधीच यायची नाही, अशी माझी खात्रीच होती.

त्या दुपारी बाई जेवणाची सुट्टी सोडून माझ्याकडे आल्या. ठमी पलंगावर उताणी, अंगावर फक्त लंगोट. बाई उशी ठाकठीक करत होत्या, तेवढ्यात पलीकडे कोणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे फरशीवर आदळला. मी दचकले, ठमीही दचकली. दचकल्यावर तान्ही मुलं करतात तसा तिचा हात हवेत उडाला.

एकच उडाला. डावा. उजवा जागचा हलला नाही.

बाईंच्या हातातली उशी हातातच राहिली. त्यांनी ठमीच्या कानापाशी टाळी वाजवली. पुन्हा डावाच. मग हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि तिच्या उजव्या खांद्यावरून, गळ्याजवळच्या हाडावरून एक बोट अगदी हलकेच फिरवलं. ठमी कळवळली. बाईंनी बोट काढलं.

“डाव्या बाजूला घेतलं की ही उजव्या अंगावर येते,” त्या म्हणाल्या. माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी, कोण जाणे. “या खांद्यावर भार पडतो. रुसली नव्हती गं ही. दुखत होतं तिला.”

मग त्या खुर्चीवर बसल्या. ड्यूटीवर त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

“तुझ्या बाळंतपणात हिचं डोकं बाहेर आलं होतं आणि खांदा अडकला होता. डॉक्टर शेजारच्या टेबलवरच्या बाळंतपणात गुंतलेल्या. मी ओढलं. हाड तेव्हा गेलंय, माझ्या हातून. आणि पाच दिवस मीच तुला सांगत होते, घट्ट धर म्हणून.”

मला राग आला, खोटं कशाला बोलू. संतापच आला. पाच दिवस माझं लेकरू दुखतंय म्हणून ओरडत होतं आणि मी, तिची आई, हिच्या कायद्यापायी तिला त्याच खांद्यावर दाबत होते. मी ठमीला उचलून छातीशी घेतलं आणि तोंड फिरवलं. बाई उठल्या आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेल्या.

एक्स-रेच्या फोटोत गळ्याजवळच्या हाडाला बारीक चीर दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तान्ह्या मुलांचं हे हाड दोन-तीन आठवड्यांत आपसूक जुळतं, फक्त बाही अंगरख्याला पिन लावून हात शांत ठेवायचा. पहिल्या तपासणीत ते त्यांनाही कळलं नव्हतं, हेही त्यांनी कबूल केलं. जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, “सिस्टरनी ओढलं नसतं, आणखी दोन मिनिटं गेली असती, तर आज आपण हाडाबद्दल बोलत नसतो.” बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

नंतर त्या माझ्यापाशी आल्या, आणि पहिल्यांदाच विचारून आल्या. “मी सांगू का एक पद्धत? तिला वळवायचंच नाही. उजवीकडे जशी निजते तशीच, तोंड न फिरवता, सरळ डावीकडे सरकवायची. पाय तुझ्या काखेतून मागे. वही काखोटीला मारतो ना, तशी. दुखरा खांदा वर राहील.” माझ्या काखेशी दोन उशा रचल्या. स्वतः ठमीला हात लावला नाही, हात पाठीमागे धरून नुसतं सांगत राहिल्या.

ठमीने नाक घासलं. थांबली. आणि मग तिने तोंड उघडलं आणि पकडलं ते असं पकडलं की मीच ओरडले. दगड पाझरायला लागला. अंगरखा भिजला, चादर भिजली, मी हसत होते की रडत होते तेही कळेना. बाई वाकून तिच्याशी बोलल्या. “माफ करा बाईसाहेब. तुम्ही केव्हापासून सांगत होतात. आम्हालाच ऐकू आलं नाही.”

संध्याकाळपर्यंत माझा ताप उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी वजनाचा काटा चाळीस ग्रॅम पुढे होता.

त्याच सकाळी शिकाऊ नर्सची तुकडी आली, आठ-नऊ मुली, वह्या घेऊन. बाई त्यांना थेट माझ्या खाटेशी घेऊन आल्या. मला वाटलं, काखेतली पद्धत दाखवतील. त्यांनी आधी दुसरंच सांगितलं.

“या बाळाचं हाड माझ्या हातून मोडलं,” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. “ते मोडणं टळलं नसतं. पण नंतर पाच दिवस मी या आईची चूक शोधत बसले, बाळाकडे पाहिलंच नाही. ते मात्र टळलं असतं. लिहून घ्या. बाळ एका बाजूला नको म्हणालं तर आईला रागावण्याआधी बाळाचे कपडे काढा आणि दोन्ही हात बघा.”

मुली लिहायला लागल्या. एकीने वर बघितलं, तिला हे खरंच लिहायचं का ते कळत नव्हतं. बाईंनी मान हलवली, “लिही.” त्यांच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती. वॉर्डातल्या सगळ्या खाटा कान देऊन ऐकत होत्या.

माझा राग तेव्हा गेला. थोडा आदल्या दिवशीच गेला असेल, उरलेला तिथे गेला. ठमीचं पिऊन झालं होतं, ढेकर काढायचा होता. मी तिला अलगद उचललं आणि सगळ्यांसमोर बाईंच्या पुढे केलं.

त्यांनी हात पुढे केले नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या.

“घ्या ना,” मी म्हणाले. “याच हातांनी आणलीत तिला.”

बाईंनी चष्मा काढून खिशात ठेवला, हातावर हात चोळून गरम केले आणि माझी लेक घेतली.