काच कोणी पुसायची

डिझेल गाडी तपासायला आली की सेंटरवर धूर मोजणारे काका आधी बॉनेटवर तळहात ठेवायचे. तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसे. इंजिन गार लागलं की म्हणायचे, "थंडी गाडी जास्त धूर सोडते, तिच्यावर अन्याय होते, भाऊ. एक चक्कर मारून या."

ड्रायव्हर चिडायचा, "डिझेल तुमी देता का?"

"चहा देतो," काका शांतपणे म्हणायचे. आमच्या अमरावतीच्या पीयूसी सेंटरवर त्यामुळे गाड्या कमी आणि चहा जास्त व्हायचा.

धूर मोजायचं यंत्र जुनं होतं. एका बाजूला दिवा, समोर काच. मधून धूर गेला की उजेड अडतो आणि आकडा चढतो. रोज सकाळी काच पुसून आकडा शून्यावर आणायचा, हे काम माझं. एरवी मी सर्टिफिकेटं काढायची. भाचीच्या लग्नाच्या धांदलीत चार दिवस मी काच पुसलीच नाही. लपवून काय करू, तुम्हीही नोकऱ्या केल्या असतील.

चौथ्या दिवशी एक जेमतेम वर्षभराची गाडी नापास झाली तेव्हा काकांनी यंत्र उघडलं. काचेवरून बोट फिरवलं, ते काळंकुट्ट. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, "रजिस्टर आना." त्या चार दिवसांतल्या सगळ्या नापास गाडीवाल्यांना त्यांनी फोन करून परत बोलावलं. अचलपूरचा एक जीपवाला तेवढा फोन उचलेना. रविवारी काका एसटीनं निघाले. वाटेत माफी मागू म्हणून मीही सोबत गेले, पण गाडी सुटताच काका जे झोपले ते थेट अचलपूरला उठले.

जीप विकून झाली होती. "फेल गाडी कोन ठेवते? पडत्या भावात देऊन टाकली," जीपवाला म्हणाला.

"गाडी चांगली होती तुमची," काका म्हणाले. "काच म्या पुसली नाई. चूक माही हाये."

"हे सांगाले अमरावतीहून आले?" मग आत वळून त्यानं चहा ठेवायला सांगितलं. मी मान खाली घालून बसले होते.

परतताना मी कसंबसं तोंड उघडलं, "काका, ती काच..."

"खिडकी लावा, ताई. धूळ येऊन राहिली."

काका गेले त्याला वर्ष होईल. मागच्या महिन्यात मी अकोल्याला काकूंना भेटून आले; त्या आता तिकडेच राहतात. काकू म्हणाल्या, "लई चोख मानूस. पन त्या अचलपूरच्या जीपचं शेवटपर्यंत मनाले लावून घेतलं. म्हनत, माह्याच हातून काच पुसाची राहून गेली."

घरीसुद्धा त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. मला रडू आवरेना. मग डोळे पुसून मी काकूंना सांगितलं, ते काम त्यांचं नव्हतंच, माझं होतं.