भोईर मॅडम आणि माझा पॉझिटिव्ह रिपोर्ट

समोरच्या माणसाच्या अंगावरचा दोरा उचलल्याशिवाय भोईर मॅडम बोलायला सुरुवातच करत नसत. यंत्रमागांच्या भिवंडीत दोऱ्यांना तोटा नाही; कधी लूम न पाहिलेल्याच्या कॉलरवरही एखादा सापडतोच. इथल्या टेमघर भागात त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या, तेव्हा जिन्यातच माझ्या शर्टावरचा दोरा उचलून त्यांनी बोटाभोवती गुंडाळला. म्हणाल्या, "प्रोटीन म्हंजे असाच लांब दोरा. गुंडाळला कसा, त्यात सगळी गंमत हाय." शिवणक्लास किती वाजता असतो, असं मी विचारून बसलो.

त्या मुंबईच्या एका प्रयोगशाळेत एचआयव्हीच्या लशीसाठी प्रोटीनं डिझाइन करत. भिवंडीजवळच्या कोन गावातल्या शेतकरी घरातली बाई, डॉक्टरेट झालेली, पण बोलणं गावचंच. "विषाणूच्या अंगावरचा एक तुकडा तेवढा बनवायचा. सॅम्पल. अख्खा ताका न्हाय. शरीरानं त्यो ओळखून ठेवायचा. आन एका टोचणीत न्हाय शिकत ते. नव्या कारागिराला पयल्याच दिवशी सहा लूम देतंय का कोण?"

चाचणीला निरोगी माणसं हवी होती. मी चहाच्या टपरीवर चारचौघांत छाती काढून नाव देण्याचं जाहीर केलं. मॅडम उलट म्हणाल्या, "शेजारधर्म म्हणून येऊ नको रे." टोचून झाल्यावर एक कार्ड मिळालं. त्यावर लिहिलं होतं : साधी तपासणी विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीरानं बनवलेल्या अँटिबॉडी शोधते. म्हणून लस टोचलेला हा माणूस धडधाकट असूनही पॉझिटिव्ह येऊ शकतो. बाहेर तपासायचं नाही, आमच्याकडेच यायचं. मी कार्ड देवघरात ठेवलं आणि विसरलो.

मग लग्न ठरलं. बैठकीत होणाऱ्या सासऱ्यांसमोर मी ऐटीत म्हणालो, "तात्या, आजकाल दोघांनीही रक्त तपासून घ्यावं." कोणी मागितलं नव्हतं! नाक्यावरच्या लॅबमध्ये गेलो. होणारी बायको सुवर्णा निगेटिव्ह. मी पॉझिटिव्ह.

धावत वर मॅडमकडे गेलो. रिपोर्ट वाचून मॅडम ओरडल्या, "अरे वा! आल्या की!"

"काय आल्या?"

"अँटिबॉडी! तुझ्या अंगानं माझं प्रोटीन ओळखलं!"

"मॅडम, माझं लग्न मोडतंय."

तेव्हा कुठे त्या खाली बसल्या. "कार्ड कुठंय?"

"देवघरात."

"देव जाणार व्हता लॅबमध्ये?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नेऊन खुद्द विषाणू शोधणाऱ्या तपासणीसाठी रक्त द्यायला लावलं. संध्याकाळी मी गयावया केली म्हणून तात्यांकडे आल्या. सगळं ऐकून तात्यांनी एकच विचारलं, "मॅडम, तुमची पोर असती तर दिली असती?"

मी मॅडमना डोळ्यांनी खुणा करत होतो.

"आज न्हाय," मॅडम म्हणाल्या. "रिपोर्ट येऊ द्या. तवर मी पण हो म्हणनार न्हाय."

सुवर्णाचे काका उठून चप्पल शोधू लागले. पण तात्यांनी त्यांना बसवलं. "बाई खोटं बोलायला आली असती, तर हो म्हणाली असती. थांबू आपण."

पाच दिवस मला जेवण गेलं नाही. रिपोर्ट आला : विषाणू नाही. तो घेऊन मॅडम स्वतः गेल्या. "पोरगा आजारी न्हाय, तात्या. येडा हाय. त्यावर लस न्हाय." लग्न झालं.

पुढे चाचणीचा निकाल लागला. अँटिबॉडी येतात, पण खऱ्या विषाणूला धरत नाहीत. डिझाइन बाद. "मग माझं टोचून घेणं फुकट गेलं?" मी विचारलं.

"फुकट कसं? कुठली घडी चुकली ते कळलं. दुसरं बनवते."

ते दुसरं बनवून झालं आणि मॅडम दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत निघाल्या. टेम्पोत सामान चढवताना मी पुन्हा छाती काढली. "मॅडम, नव्या लशीला माझं नाव लिहा."

"तुला न्हाय घेता येत. तुझ्या अंगानं जुनं बघितलंय. कोरा माणूस पायजे."

मी जरा हिरमुसलो. तेवढ्यात मागून सुवर्णा मला म्हणाली, "माझं नाव दिलंय मी, मागच्याच आठवड्यात. तात्यांना मात्र तुम्ही सांगायचं."