तरसाला कोल्हा म्हणताना

आमच्या लालबागच्या खोलीत देवाच्या फळीशेजारी गेंडा होता. त्याच्या पलीकडे तरस, अस्वल आणि खवले मांजर. सगळे जुन्या इंग्रजी पुस्तकांतून सुटून आलेले, बारीक काळ्या रेघांत कोरून छापलेले. बाबा मिलच्या छपाई खात्यात, कापडावर नक्षी उमटवणाऱ्या तांब्याच्या रुळांवर होते. रद्दीवाल्याकडे असलं कोरीव पान दिसलं की आपण भाजीला निघालोय हे ते विसरत. गेंडा कोरणाऱ्याने बहुधा गेंडा पाहिलेलाच नसावा, कारण आमचा गेंडा कोट घालून बसल्यासारखा दिसे. गणपतीत आई या सगळ्या मंडळींना पलंगाखाली पाठवायची.

माझं प्राणिज्ञान झुरळापाशी संपतं. तरी लहानपणी चाळीतली पोरं गोळा करून मी तरसाकडे बोट दाखवलं आणि ऐटीत सांगितलं, हा कोल्हा. बाबा दाढी करत होते. अर्धा गाल फेसात, तिथूनच म्हणाले, “कोलो तुझो बापूस. पाठ बघ तेची, मागे उतरती आसा.”

बाबाच कोल्हा ठरले, त्यामुळे पोरं मला पुढे कितीतरी दिवस पिल्लू म्हणत होती. आमचा मात्र तो खेळच झाला. डोक्यावरचे केस गेले तरी कामावरून आलो की तरसाकडे बघून मी म्हणायचो, कोल्हा बारीक झालाय. पेपरातून मान वर न करता आतून उत्तर यायचं, ठरलेलं. बापलेकांच्या गप्पा म्हणाव्यात तर एवढ्याच.

गेल्या वर्षी बाबांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. बोललेलं कळतं की नाही, तेही कोणी नक्की सांगेना. घरी येणारी थेरपिस्ट सफरचंद, छत्री, बस असली चित्रं दाखवी. बाबा तोंड फिरवत. मग माझं डोकं चाललं, आणि ते चाललं की घरातली माणसं काचेचं सामान उचलून ठेवतात. मी तरसाची तसबीर खिळ्यावरून काढून बाबांच्या मांडीवर ठेवली. मुद्दाम चुकायचं. ते चिडतील, चिडले की बोलतील. थेरपिस्ट म्हणाली, शिवी आली तरी चालेल.

रोज संध्याकाळी मी तरसाला कोल्हा म्हणत राहिलो. गेंड्याला म्हैस म्हटलं. खवले मांजराला तर फणस म्हणून पाहिलं. बाबांचा डावा अंगठा काचेवरून फिरायचा, तरसाच्या उतरत्या पाठीवर थांबायचा. ओठ हलल्यासारखे वाटायचे. मी बापाच्या तोंडून एक शिवी निघावी म्हणून कानांत प्राण आणून बसायचो.

परवा थेरपिस्टसमोरच विचारलं, “बाबा, हा कोल्हा ना?”

त्यांनी चित्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि मान हलवली. हो.

थेरपिस्ट खूश झाली. पहिल्यांदाच त्यांनी प्रतिसाद दिला होता. मीही हसलो, तिला चहा विचारला आणि मोरीत जाऊन आवाज झाकायला नळ सोडला. संध्याकाळी आमच्याकडे पाणी नसतं, हे या वयातही माझ्या लक्षात राहत नाही. बाहेर सगळं ऐकू गेलं.

आता मी खरी नावं सांगतो. बाबा, हे तरस. पाठ बघा, मागे उतरती आहे.

ते त्यालाही हो म्हणतात.