डाव्या हाताच्या ढांगा

माझा धाकटा भाऊ लिअँडर टॉलिव्हर आठवडाभर हॉटेलात लिफ्ट चालवायचा आणि रविवारी दुपारी माझ्या दिवाणखान्यात भल्याभल्यांना पाणी पाजायचा. पियानोवर. न्यूयॉर्कातल्या आमच्या हार्लेममध्ये पियानो काही माझ्या एकटीकडे नव्हता, पण भाड्याला हातभार लागावा म्हणून कोंबडी तळून, वाजवणाऱ्यांना बोलावून, माणसांनी घर भरावं ते माझंच. शेजारणींनी काहीही म्हणावं.

लिअँडरचा तोरा दारापासून सुरू व्हायचा. ओव्हरकोट काढून रेशमी अस्तर दिसेल अशी घडी घालायचा, रुमालानं पट्ट्या अशा पुसायचा की आधीच्यानं त्यांवर कालवण सांडलं असावं. मग डावा हात. आमच्या वाजवण्याचं सगळं बळ त्या हातात. तळाच्या सुरावर पडायचं, उडी मारून मधले सूर धरायचे, पुन्हा तळाला. अशा ढांगा टाकत तो चालला की ठेका त्याच्यावर उभा राहतो, उजव्यानं मग हवे ते नखरे करावेत.

"उजवा पाहुण्यांसाठी असतो गं ताई," लिअँडर म्हणायचा, "घर चालवतो तो डावा."

आव्हान देण्याची रीत ठरलेली. समोरचा वाजवत असतानाच बाकावर डावीकडून सरकायचं आणि ठेका न तोडता आधी त्याच्या डाव्या हाताचं काम आपल्याकडे घ्यायचं, मग उजव्याचं. तुमचा उजवा पट्ट्यांवर पडला की बाक तुमचं, आणि आधीच्यानं मुकाट्यानं उठायचं. लिअँडरला कित्येक वर्षांत कुणी उठवलं नव्हतं. बायको नाही, पोर नाही. त्याचा संसार म्हणजे ते बाक.

त्या हिवाळ्यात लिफ्टच्या जाळीच्या दारात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं चिरडली. हाडं जुळली, पण बोटं धड वळेनात.

"कुणाला सांगितलंस तर तुझ्याशी बोलणं बंद," तो म्हणाला.

"आता तरी कुठं बोलतोस? नुसतं ऐकवतोस," मी म्हटलं. पण गप्प राहिले.

त्यानंतर तो पहिल्यांदा वाजवायला आला, आणि नेमकी त्याच रविवारी ड्रूसिला पेग्रम आली. बाल्टिमोरची, बुटकी, दिवसभर लाँड्रीत इस्त्री करणारी, चर्चमध्ये वाजवून तयार झालेली. लिअँडरनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही.

"बाई, इथं भजनं चालत नाहीत."

"तुमचं काय चालतं तेच ऐकायला आलेय, मिस्टर टॉलिव्हर."

लोक हसले. लिअँडरला ते झोंबलं. तिला धडकी भरावी म्हणून त्यानं नको इतक्या वेगात सुरुवात केली. पहिली फेरी निभावली. दुसरीत बोटं दगा देऊ लागली, तळाचे सूर निसटले, आणि स्वयंपाकघराच्या दारातल्या माणसांचं चघळणं थांबलं. आज याचं बाक जाणार, हे मला कळून चुकलं.

ड्रूसिला डावीकडून सरकली. तिचा डावा हात बसला आणि ठेका पुन्हा ताठ झाला. आता सगळ्यांचे डोळे तिच्या उजव्या हाताकडे. तो तिनं मांडीवर ठेवला होता.

उजवीकडे लिअँडर, डावीकडे ती. लोकांना वाटलं काहीतरी नवी गंमत आहे, टाळ्या पडल्या. लिअँडरला मात्र बरोबर समजलं.

"उजवा टाक," तो दातओठ खात म्हणाला.

"घाई काय आहे?"

"मला भीक नकोय."

तो उठला, कोट उचलला आणि दाराकडे गेला.

तरीही तिनं उजवा टाकला नाही. एकटा डावा हात ढांगा टाकत राहिला, वर गाणं नाही, काही नाही. लिअँडर दाराशी एका हातानं कोटाची बटणं लावायला झगडत होता. मी पुढे झाले नाही. वसकन अंगावर आला असता. तिचा हात लहान, उड्या मोठ्या. हळूहळू तो थकला आणि ठेका मागे पडू लागला.

"ठेका मागे ओढतेयस," लिअँडर दारातूनच म्हणाला.

"हात दुखतोय."

"मग उजवा टाक ना, बाई!"

"त्या बाजूला माणूस बसलाय," ती म्हणाली. मान वळवली नाही.

लिअँडर मग जे बोलला ते मी चर्चला जाणारी बाई सांगू शकत नाही. पण तो परत आला, तिच्या उजवीकडे बसला, "सरळ चल, रेंगाळू नकोस," असं तिलाच दटावलं, आणि एका हातानं पियानो असा वाजवला की तसा त्यानं दोन हातांनीही कधी वाजवला नव्हता.

मला सगळ्यांसमोर रडू आलं. त्या वाजवण्यानं नव्हे. त्याचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता, ती दोन वाकडी बोटं अख्ख्या खोलीला दिसत होती, आणि तो ती झाकत नव्हता.